नोंद करणाऱ्यासाठी लिहिलेल्या सूचना

फ्रेंच राज्यक्रांतीने 1789 मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या मालकीची ठरवली आणि मठांमधले प्रचंड ग्रंथसंग्रह सरकारच्या ताब्यात आले. त्यांची यादी करायची होती, पण गावोगावी हे काम ज्यांच्या गळ्यात पडणार होते त्यांतल्या बहुतेकांना ग्रंथालयाचा अनुभव नव्हता. 1791 च्या सरकारी सूचना अशा माणसांसाठी लिहिलेल्या होत्या. पुस्तकाला क्रमांक द्यावा. शीर्षकपृष्ठावरचा मजकूर खेळायच्या पत्त्याच्या पाठीवर उतरवावा, कारण त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे. लेखकाच्या नावाखाली रेघ ओढावी. लेखकाचे नाव नसेल तर विषय सांगणाऱ्या शब्दाखाली ओढावी. मग पत्ते अक्षरक्रमाने लावून खालच्या डाव्या कोपऱ्यातून दोरा ओवावा. लेखक सापडला नाही तर काय करायचे, हे आधीच सांगून ठेवण्यात या सूचनांचे शहाणपण आहे. शंका विचारायला जाणकार जवळ नव्हता. जे लिहून आले नाही ते ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवले असते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँटोनिओ पानिझ्झी यांनी याच अडचणीवर 91 नियम तयार केले. ते 1841 मध्ये छापले गेले. टोपणनावाने लिहिणारा लेखक, निनावी पुस्तक, संस्थेने काढलेले प्रकाशन असे एकेक अवघड प्रकरण त्यांत हाताळलेले होते. एवढे नियम कशाला, अशी टीका झाली आणि चौकशीसाठी शाही आयोगही नेमला गेला. नियम मात्र टिकले, कारण दहा हातांनी केलेली यादी एका हाताने केल्यासारखी दिसायला हवी होती.

पुढचा वाचक यंत्र होता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये प्रोग्रामर हेन्रिएट अ‍ॅव्हराम यांच्या नेतृत्वाखाली 1960 च्या दशकात ‘मार्क’ ही नोंदपद्धती घडली. तिच्यात शीर्षकाला 245 हा क्रमांक आहे आणि त्याला जोडून एक आकडा येतो : क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरे वगळायची. ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या इंग्रजी शीर्षकासाठी तो 4 असतो. ‘द’ची तीन रोमन अक्षरे आणि एक मोकळी जागा. ग्रंथपालाला हे सांगावे लागत नव्हते. यंत्राला मोजून द्यावे लागले.

मार्क तज्ज्ञांसाठी होते. मार्च 1995 मध्ये ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी जमलेल्या मंडळींना वेबवरच्या कागदांसाठी सोपी नोंद हवी होती, जी लेखक स्वतः भरू शकेल. त्यातून पुढे डब्लिन कोअरचे 15 घटक आले. सोपेपणाची किंमतही लगेच दिसली. ‘दिनांक’ म्हणजे कागद लिहिल्याचा, प्रसिद्ध झाल्याचा की शेवटचा बदल केल्याचा, हे त्या एका रकान्यातून कळेना. पुढे या तिन्हींसाठी वेगळी नावे द्यावी लागली.

आता रकाने भरायला एआय एजंट आला आहे. ओपनएआयने जून 2023 मध्ये आणि अँथ्रोपिकच्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ने नोव्हेंबर 2024 मध्ये जी पद्धत पुढे आणली, तिच्यात एजंट वापरू शकेल अशा प्रत्येक टूलला (म्हणजे प्रोग्रामला) नाव, वर्णन आणि त्याला लागणाऱ्या माहितीचा आराखडा असतो. टूलच्या आतला कोड एजंटमागच्या मॉडेलला सहसा दिसत नाही. कोणते टूल कधी वापरायचे हे मॉडेल वर्णन वाचून ठरवते. नोंदीचे रकाने बदलणाऱ्या टूलच्या वर्णनात ‘मेटाडेटा अद्ययावत करते’ एवढेच लिहिले तर न सांगितलेले रकाने तसेच राहतील की पुसले जातील, हे कळायला मार्ग नाही. ‘दिलेले रकानेच बदलते, बाकीचे तसेच ठेवते, कागद शोधण्यासाठी शोधाचे टूल वापरावे’ असे लिहिले की संदिग्धता उरत नाही.

मराठी दप्तरांच्या बाबतीत दिनांकाचा रकाना अधिकच नाजूक आहे. पेशवेकालीन पत्रात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे अरबी शब्दांत वर्ष येते : एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन 1161. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे ते इसवी 1760 च्या उन्हाळ्याअखेरीपासून 1761 च्या उन्हाळ्यापर्यंत पसरते. पानिपतची लढाई याच वर्षातली. टूलने वर्ष-महिना-दिवस अशी पूर्ण तारीख मागितली आणि महिना ठाऊक नसला, तर एजंट 1 जानेवारी 1761 लिहून मोकळा होऊ शकतो. पुढच्या अभ्यासकाला ती खरी तारीख वाटेल आणि लढाईनंतरचे पत्रही तो लढाईआधीचे समजेल; ही लहान चूक नव्हे. म्हणून वर्णनातच लिहावे लागते की मूळ कालोल्लेख जसाच्या तसा वेगळ्या रकान्यात ठेवावा, इसवी सनाची मर्यादा ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी द्यावी, आणि जे पत्रात नाही ते रिकामे सोडावे.

मार्च 2025 च्या आवृत्तीपासून मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये ‘फक्त वाचते’ किंवा ‘नष्ट करू शकते’ अशा खुणाही टूलला लावता येतात. त्या सूचक आहेत, हमी नव्हेत, असे प्रोटोकॉल स्वतःच सांगतो. त्यामुळे जुनी नोंद पुसली जाणार असेल, तर ते वर्णनातही स्पष्ट शब्दांत यायला हवे.