घरच्या शिपायांना आवरणारे

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. परंतु शिपायाने घरधन्यावरच काठी उगारली तर त्याचा हात धरायचा कोणी?

१९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत ओक रिज येथे किरणोत्सर्गाच्या अभ्यासासाठी उंदीर पाळले होते. त्यांत काही नर असे निपजले की अंगाला खपल्या, प्लीहा सुजलेली, आणि आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे. त्यांचेच शिपाई त्यांच्यावर उलटले होते. पण हे त्या वेळी कोणाला उमगले नाही.

१९७० च्या सुमारास रिचर्ड गर्शन यांनी ‘दमन करणाऱ्या’ पेशींची कल्पना मांडली. काही वर्षे तिचा मोठा बोलबाला झाला. मग तिला आधारभूत मानलेले एक जनुक शोधू गेले, तो ते सांगितल्या जागी नव्हतेच! झाले, विद्वानांनी सारा विषयच वाळीत टाकला. विद्वानांचे रुसवेही घरातल्या रुसव्यांसारखेच.

शिमोन साकागुची मात्र हटले नाहीत. जपानमध्ये तीन दिवसांच्या उंदराची थायमस ग्रंथी काढली, की प्रतिकार दुबळा पडण्याऐवजी शरीर स्वतःचेच अवयव पोखरू लागे, आणि निरोगी उंदराच्या टी-पेशी टोचल्या की हा अनर्थ टळे. तेव्हा आवरणाऱ्या पेशी असल्याच पाहिजेत, हे त्यांनी धरून ठेवले. त्या पेशींची ओळखखूण त्यांनी दाखवली ती १९९५ साली.

इकडे अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल त्या खपलीवाल्या उंदरांचे दोषी जनुक शोधत होते. चाळत चाळत वीस जनुके उरली. एकोणीस तपासली, ती निर्दोष. विसावे सापडले! त्यालाच फॉक्सपी-३ म्हणतात. २००१ साली कळले की, याच जनुकाच्या बिघाडाने काही मुलगे तान्हेपणीच मधुमेह, अतिसार आणि त्वचारोगाने ग्रासले जातात. ज्या आयांनी असे मूल मांडीवर घेऊन रात्री काढल्या, त्यांना निदान दुखण्याचे नाव तरी मिळाले. दोनच वर्षांनी सिद्ध झाले की साकागुचींच्या पेशी घडतात त्या या जनुकामुळेच.

२०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

पण या पेशींना सर्वस्वी सज्जन समजू नये. कर्करोगाच्या गाठीभोवतीही त्या गोळा होतात आणि चोराला मारायला आलेल्या शिपायांनाच थोपवून धरतात. म्हणून आज डॉक्टर एका रोग्यात त्यांना वाढवू पाहतात, तर दुसऱ्यात हटवू पाहतात.