तालुक्यात रुजलेला लाल बावटा

अधिवेशने, ठराव आणि फाटाफूट एवढ्याच नोंदींवर शेतकरी कामगार पक्षाचा इतिहास लिहिला, तर तो सहा-सात वर्षांतच आटोपतो. १९४८मध्ये काँग्रेसमधून वेगळी झालेली मंडळी १९५०मध्ये दाभाडीला मार्क्सवादी भूमिकेचा प्रबंध स्वीकारतात आणि १९५४मध्ये संस्थापकांपैकी केशवराव जेधे स्वगृही परततात. तरीही पक्ष उरला. तो कुठे उरला हे पाहिले, की का उरला हे उमगते.

अलिबाग तालुक्यातील चरी परिसरात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला आणि खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. पक्ष जन्मण्याआधीच त्याला लागणारी माणसे या भागात घडली होती. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यात प्रश्न दुष्काळाचा होता. तेथून गणपतराव देशमुख १९६२मध्ये प्रथम निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. नागनाथअण्णा नायकवडींच्या सोबतीने त्यांनी पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांच्या हक्काचे पाणी मागितले. सहकारी सूतगिरणीही उभी केली. पनवेल-उरणमध्ये नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, तेव्हा दि. बा. पाटील शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. जानेवारी १९८४च्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले.

तीन ठिकाणी तीन प्रश्न; रीत मात्र एकच. दाभाडीचा प्रबंध न वाचलेल्या शेतकऱ्यालाही सातबारा, पाट आणि मोबदला यांसाठी कोणाकडे जायचे हे ठाऊक होते. निवडणूक हे या नात्याचे फळ होते, मूळ नव्हे.

पण जे मूळ, तीच मर्यादाही. खारेपाटातील कुळाला सांगोल्याच्या दुष्काळाशी जोडणारे राज्यव्यापी राजकारण पक्षाला उभे करता आले नाही. शिवाय प्रश्न सुटला, की पक्षाची गरजही ओसरते. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर कुळे मालक होत गेली; मालकाच्या मुलांना खोताची आठवण किती काळ बांधून ठेवणार?

२०२४मध्ये रायगडातील अलिबाग, पनवेल आणि उरण या तिन्ही जागांवर पक्ष पराभूत झाला. त्याचा एकमेव आमदार सांगोल्यातून निवडून आला, तोही गणपतरावांचा नातू. चळवळीने कमावलेला तालुका आता घराण्याच्या आधाराने टिकतो आहे. छोट्या पक्षाने स्थानिक राजकारणात कसे रुजावे, हे शेकापने दाखवले. रुजल्यावर पसरावे कसे, हे त्यालाही साधले नाही.