मूळ सापडेपर्यंत : नाकातील सौम्य अर्बुदांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

नाकातील गाठ काढावी, श्वास मोकळा व्हावा आणि काही काळाने ती पुन्हा त्याच जागी उगवावी, हा अनुभव शल्यचिकित्सेइतकाच जुना आहे. अशा गाठी बहुधा सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेल्या असतात. तरीही त्यांनी दोन हजारांहून अधिक वर्षे वैद्यांना दमवले.

ग्रीक वैद्यांनी नाकात लोंबणाऱ्या मांसवृद्धीला ‘पॉलिप’ म्हटले. शब्दाचा अर्थ ‘बहुपाद’. ऑक्टोपससारख्या सागरी जीवाचे ते नाव. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात ती उपटण्याची एक रीत सांगितली आहे. स्पंजाचा घट्ट गोळा करून त्याला दोरे बांधायचे, दोऱ्यांची टोके कथिलाच्या लवचिक सळईने नाकातून घशात उतरवून तोंडावाटे बाहेर घ्यायची, आणि ओढायचे. मागे सरकणारा स्पंज वाटेतले मांस खरवडून आणी. भूल अर्थातच नव्हती.

सातव्या शतकातील पॉल ऑफ ईजिना आधी पात्याने कापण्यास सांगतो. त्यानंतरही काही उरल्यास गाठी मारलेला दोरा नाकातून तोंडात नेऊन करवतीसारखा मागेपुढे ओढावा, असे तो लिहितो. कापल्यावर काहीतरी मागे राहते, याची कबुलीच त्या गाठाळ दोऱ्यात आहे.

हीच गोष्ट सुश्रुतसंहितेत अधिक स्पष्टपणे येते. तेथे नासारोगांत अर्श आणि अर्बुद या दोहोंची गणना आहे. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायातील इशारा तर सर्वच अर्बुदांना लागू होतो : अवशेष ठेवून काढलेले अर्बुद लवकरच पुन्हा होते आणि शिल्लक राहिलेल्या आगीप्रमाणे घात करते, म्हणून ते निःशेष काढावे. तत्त्व अचूक होते. पण नाकाच्या अंधाऱ्या पोकळीत मूळ दिसणार कसे?

या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा घेतली ती ‘इन्व्हर्टेड पॅपिलोमा’ या अर्बुदाने. लंडनच्या वॉर्ड यांनी 1854 मध्ये नाकातील पॅपिलोमाची नोंद केली; त्याचे अस्तर बाहेर न फुलता आतल्या ऊतीत शिरत जाते, हे 1938 मध्ये स्वीडनच्या रिंगर्ट्झ यांनी दाखवले. ते सौम्य असले तरी हाड झिजवते आणि काही रुग्णांत त्याच्यासोबत कर्करोगही आढळतो. ‘सौम्य’ हा शब्द येथे थोडा फसवाच ठरतो.

नाकपुडीतून चिमट्याने ओढून काढलेले हे अर्बुद वारंवार परतू लागले, तेव्हा शल्यचिकित्सकांनी दार मोठे केले. न्यूयॉर्कचे कॉल्डवेल (1893) आणि पॅरिसचे ल्यूक (1897) यांनी वरच्या ओठाखालून गालाच्या सायनसमध्ये जाण्याचा मार्ग स्वतंत्रपणे मांडला. बोर्दोचे मूर यांनी 1902 मध्ये नाकाच्या कडेने चेहऱ्यावर छेद घेण्याची पद्धत वर्णिली. अर्बुदासह सायनसची भिंत उघड्यावर आल्याने ते परतण्याचे प्रमाण घटले; त्याची किंमत रुग्णाच्या चेहऱ्यावरच्या व्रणाने चुकवली गेली.

मग प्रकाशच आत गेला. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचेच्या दांड्यांच्या भिंगरचनेमुळे दुर्बीण बारीक आणि प्रतिमा लख्ख झाली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी तिच्या साहाय्याने सायनसचा पद्धतशीर अभ्यास केला. तेथूनच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची परंपरा सुरू झाली. अर्बुदासाठी मात्र ती वापरण्यास अनेकांचा विरोध होता. अर्बुद तुकड्यातुकड्यांनी काढले तर ते पुन्हा होणारच, अशी त्यांची धास्ती होती, आणि पूर्वानुभव पाहता ती अनाठायी नव्हती.

उत्तर मिळाले ते देठाच्या शोधातून. सायनस भरून टाकणारे हे अर्बुद पुष्कळदा एका लहानशा जागीच चिकटलेले असते. बाकीचा फुगवटा तुकड्यांनी काढून ती जागा गाठायची, तिच्यावरचे अस्तर खरवडायचे आणि खालचे हाड ड्रिलने घासायचे, असा क्रम रूढ झाला. सीटी स्कॅनही येथे कामाला आला : देठापाशी हाड बहुधा जाडसर झालेले असते, त्यामुळे मूळ कोठे असेल याचा अंदाज शस्त्रक्रियेपूर्वीच बांधता येतो. अर्बुद परतते तेही मुख्यतः त्याच जुन्या जागी. म्हणजे ज्याला पुनरुद्भव म्हटले जाई, तो अनेकदा मागे राहिलेला अवशेषच होता. सुश्रुतसंहितेचा इशारा नेमका हाच.

दुर्बिणीनेही प्रत्येक अवशेष सापडतो असे नाही. कपाळामागच्या सायनसचा दूरचा कोपरा सरळ दांड्याला आजही सहज साधत नाही. तेथे अनेकदा बाहेरूनही छेद घ्यावा लागतो. शिवाय काही अर्बुदे बऱ्याच वर्षांनी परततात, म्हणून श्वास पूर्ण मोकळा झालेल्या रुग्णालाही तपासणीसाठी वर्षानुवर्षे बोलावले जाते.