दुरुस्तीतून जन्मलेले यंत्र

नांदगाव खंडेश्वरला गेलेला अभ्यासक खंडेश्वराचे हेमाडपंती देऊळ पाहतो आणि इतिहास पाहिल्याच्या समाधानात परततो. एखाद्या घराच्या ओसरीवरचे जुने काळे पायमशीन त्याच्या नजरेत भरत नाही. वऱ्हाडच्या कापसावर पुष्कळ लिहिले गेले. कापड शिवणाऱ्या यंत्राचा इतिहास मात्र आपल्याला त्याच्या लोखंडावरच वाचावा लागतो.

सिंगर यंत्राच्या पाटावर क्रमांक ठोकलेला असतो. १९०० नंतरच्या क्रमांकाआधी रोमन अक्षर येते. ते ‘एफ’ किंवा ‘वाय’ असल्यास यंत्र स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचे समजावे. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. त्याची यंत्रे अजून टाके घालतात.

गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांविषयीच्या एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात बॉस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्याचे सदोष यंत्र पाहताना सिंगरला सुधारणा सुचली आणि १८५१ मध्ये त्याने पेटंट घेतले. कथा प्रेमाची नव्हे, दुरुस्तीची आहे. आणि आम्हांस ती अधिक मोलाची वाटते. जे यंत्र दुरुस्तीतून जन्मले, ते दुरुस्तीनेच टिकले.

ही दुरुस्ती संयमाची असते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातले तेल सुकून चिकट होते आणि चाक अडते. तेव्हा जोर करू नये. सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून थांबावे, चाक हाताने हळूहळू फिरवावे, मळ पुसून मगच मशीनचे पातळ तेल द्यावे. खोबरेल घातल्यास ते पुन्हा घट्ट होते. कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचे गुंते आले की नवखा बॉबिनला दोष देतो. जाणता कारागीर आधी वरच्या दोऱ्याचा ताण तपासतो.

मात्र सगळी यंत्रे सारखी जगत नाहीत. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे काढली. सिंगरच्या ‘१५’ वर्गाच्या धर्तीची यंत्रे भारतात रुळली, म्हणून त्या घडणीच्या जुन्या सिंगरलाही सुटे भाग मिळत राहिले. होडीच्या आकाराचे लांब शटल असलेली यंत्रे तितकीच भक्कम, पण त्यांचे शटल आणि बॉबिन दुर्मीळ झाल्याने ती आधी भंगारात जातात. पोथीप्रमाणे इथेही ज्याच्या नकला झाल्या, ते उरले.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. घरातले पायमशीन किलोच्या भावाने देण्यापूर्वी त्याचा क्रमांक उतरवून घ्यावा, आणि ते चालवणाऱ्या आजीला विचारावे: त्यावर पहिले काय शिवले, कोणासाठी, आणि शिलाईचे पैसे कोणाच्या हाती राहिले? क्रमांक लोखंडावर राहील. ही उत्तरे मात्र तिच्याबरोबर जातील.