गवताखालचं ईझिंग्टन

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डरहम परगण्यात, तुम्ही एका कड्यावर उभे आहात. पायांखाली गवत, समोर उत्तर समुद्र. कामगारांना खाली नेणारा एक पिंजरा स्मारक म्हणून ठेवला आहे. इथे कोळशाची मोठी खाण होती, हे तो सांगतो. पण त्यात माणसं नाहीत, म्हणून मागे चला.

1999. विटांच्या घरांच्या रांगांमध्ये ‘बिली एलियट’ या चित्रपटाचं चित्रीकरण चालू आहे. गोष्ट 1984च्या खाणकामगारांच्या संपाची, अशाच एका खाणगावातली. पण खाणीतली दृश्यं नॉर्थम्बरलंडमधल्या एलिंग्टनला घ्यावी लागताहेत, कारण इथली खाण जागेवर नाही. गल्ल्या इथल्या आणि खाण उसनी!

1994. इथली खाण आता तुमच्या डोळ्यांदेखत पाडली जातेय. 7 मे 1993ला ती बंद झाली, 1,400 जणांचं काम गेलं आणि वर्षभरात जागाही साफ होतेय. एवढी घाई कशाला? एक मनोरा, त्याच्या माथ्यावरची चाकं तरी ठेवायची होती. ‘मी इथून खाली जायचो’ असं आजोबांना नातवाला बोट करून दाखवता आलं असतं.

1984. संपामुळे पगार बंद आहेत. बायका मोठमोठ्या पातेल्यांत सगळ्या गावाचं जेवण रांधताहेत. वर्षभर चाललेला संप त्यांच्याच जिवावर टिकला.

29 मे 1951, पहाट. दिव्यांच्या खोलीतून तुम्ही दिवा घेता. हातात धातूचा बिल्ला आहे. कोण खाली आहे, ते त्यावरून कळतं. पिंजरा सुटतो, पोटात खड्डा पडतो. खाली बोगदे समुद्राच्या तळाखाली गेलेले. पाळी बदलतेय, सुटणारे आणि येणारे, दोघंही आत आहेत. साडेचारच्या सुमारास कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दात पायराइट या खनिजाच्या खड्यावर घासतात, ठिणगी उडते. साठलेला मिथेन पेटतो आणि उडालेली कोळशाची धूळ ती आग बोगद्याबोगद्यांतून पुढे नेते. 81 कामगार मेले. त्यांना शोधायला उतरलेल्यांपैकी दोघंही परतले नाहीत. वर फाटकाशी बायका ताटकळत राहिल्या, कारण सगळे मृतदेह बाहेर यायला कित्येक दिवस लागले. या गावात तुम्ही कुठल्याही गल्लीत शिरलात, तरी त्या पहाटेशी नातं असलेलं घर सापडेल. ही माणसं कुठून खाली उतरली, ते दाखवणारी एक भिंतसुद्धा आपण का ठेवू नये?

आणखी मागे, 1899. इथे शेतं आहेत आणि खाणीचा उभा शाफ्ट खणायला नुकती सुरुवात झालीय. जमिनीतल्या पाण्याशी झगडत कोळशापर्यंत पोचायला 1910 उजाडणार आहे. जुनं ईझिंग्टन आत, समुद्रापासून दूर आहे. हे दुसरं गाव खाणीसाठीच वसलं, आणि नकाशावर त्याचं नाव आजही ईझिंग्टन कोलिअरी, म्हणजे ईझिंग्टन कोळसा खाण, असंच आहे.