दुभाष्याची जबाबदारी

नव्या शहरात बिऱ्हाड मांडल्यावर आपल्यापैकी पुष्कळांनी एक उद्योग केला असेल. टेलिकॉमची जाडजूड व्हाइट पेजेस मांडीवर घ्यायची, कुलकर्णी, जोशी, देशपांडे अशी आडनावे शोधायची आणि धीर करून एखादा नंबर फिरवायचा. मेलबर्नमधली आमची पहिली दिवाळी अशाच एका फोनमुळे साजरी झाली. त्या पुस्तकात एक शहाणपण होते. ज्याला आपला नंबर छापायचा नसेल, त्याला 'सायलेंट नंबर' घेता येई. हे शहाणपण मी एकदा विसरलो, त्याची ही हकिगत.

१९९३-९४ च्या सुमारास मी इथल्या एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात होतो. जून १९८९ मध्ये मेलबर्न विद्यापीठाचे रॉबर्ट एल्झ आणि हवाई विद्यापीठाचे टॉर्बेन नील्सन यांनी उपग्रहामार्फत ऑस्ट्रेलिया इंटरनेटला जोडला होता. वेग होता सेकंदाला ५६ हजार बिट, आणि तोही साऱ्या देशाला मिळून! पुढच्या वर्षी 'आर्नेट' या जाळ्यात देशातील विद्यापीठे गुंफली गेली. माझ्याकडे काम आले ते या जाळ्यावर एक गेटवे चालवण्याचे. गेटवे म्हणजे दुभाष्या. त्याच्या एका बाजूला होता गोफर आणि दुसऱ्या बाजूला एक्स.५०० नावाची डिरेक्टरी.

गोफर १९९१ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जन्मला. मार्क मॅकहिल हे त्याचे प्रमुख; सहकाऱ्यांत फरहाद अंकलेसरिया हे नावही दिसते. गोफर म्हणजे हॉटेलातले मेनूकार्डच. पडद्यावर यादी येई, आपण एक ओळ निवडायची, की पुढची यादी हजर. पण स्वभावाने तो विसरभोळा. उत्तर दिले की जोडणी तोडून मोकळा. मघाशी काय विचारले होते, याची त्याला आठवण नसे.

एक्स.५०० चा थाट निराळा. १९८८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार क्षेत्रातील समितीने ठरवलेले हे मानक. साऱ्या जगाची एकच डिरेक्टरी, पण ज्याची माहिती त्याच्याच घरी ठेवलेली, असे हे स्वप्न होते. आधी देश, मग संस्था, मग विभाग, मग व्यक्ती, असा प्रत्येक नोंदीचा पत्ता. व्यक्तीच्या नोंदीत आडनाव सक्तीचे होते. आमच्या एका तमिळ सहकाऱ्याला आडनावच नव्हते, म्हणून त्याचे एकुलते एक नाव दोन्ही रकान्यांत भरावे लागले. या डिरेक्टरीशी थेट बोलायला लागणारी सामग्री अवजड होती, साध्या पीसीला न पेलणारी. म्हणून मिशिगन विद्यापीठात टिम हाऊज प्रभृतींनी 'एलडॅप' ही हलकी भाषा घडवली (१९९३). तिच्या संचाबरोबर गोफरसाठीचा गेटवेही मिळत असे.

गेटवेची युक्ती मोठी सुरेख होती. गोफरच्या यादीतील प्रत्येक ओळीमागे, वाचणाऱ्याला न दिसणारा, एक मजकूर असतो. गेटवे त्यात नोंदीचा पूर्ण पत्ता लिहून ठेवी. ओळ निवडताच तो पत्ता आपोआप परत येई. त्यामुळे विसरभोळ्या गोफरला काही लक्षात ठेवावे लागत नसे. घरबसल्या लंडनच्या प्राध्यापकाचा फोन नंबर सापडला, तेव्हा मी सहकाऱ्यांना अक्षरशः हाका मारून बोलावले होते.

आता माझी चूक. आमच्या डिरेक्टरीत काही माहिती जगाला दिसे, तर घरचे फोन नंबर फक्त विद्यापीठातील माणसांना. गेटवेने आत शिरताना स्वतःचे नाव सांगावे, म्हणजे वापराची नोंद नीट राहील, असे मी ठरवले आणि त्याला विद्यापीठाच्या शाखेतच एक नाव दिले. झाले! डिरेक्टरीने त्याला घरचा माणूस मानले आणि सगळे दाखवले. पण गेटवेच्या मागे उभा असलेला विचारणारा ओस्लोतला असो की ओसाकातला, त्यालाही तेच दिसू लागले.

काही आठवड्यांनी एक सहकारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. आवाज चढलेला नव्हता. आपला घरचा नंबर ज्याला कळू नये म्हणून त्यांनी घर बदलले होते, त्या माणसाचा फोन आला होता. नंबर आमच्याकडूनच गेला की नाही, हे कधी सिद्ध झाले नाही. पण जाऊ शकत होता, एवढे मला पुरेसे होते. दुरुस्ती दहा मिनिटांची: गेटवेने निनावी, परका म्हणून आत जायचे आणि परक्याला दिसेल तेवढेच पाहायचे. बाईंना मात्र पुन्हा नंबर बदलावा लागला.

पुढे काळ भराभर पालटला. १९९३ साली मिनेसोटा विद्यापीठाने गोफर सर्व्हरसाठी काहींकडून शुल्क घेण्याचे जाहीर केले आणि लोक बिचकले. १९९४ मध्ये वेबने त्याला मागे टाकले. जगाची एकच डिरेक्टरी हे स्वप्नही विरले. टिकला तो हलका एलडॅप. २००० सालच्या मायक्रोसॉफ्टच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीतही तोच आहे. आज ऑफिसात पासवर्ड टाकताना आपण बहुधा त्याच घराण्यातल्या कुणाशी तरी बोलत असतो.

यंत्रे गेली, चूक मात्र जुनी झालेली नाही. आपल्या ओळखीवर परक्याला आत नेणारा दुभाष्या आजही जागोजागी आहे. फोनवरचे एखादे नवे अॅप आपले सगळे संपर्क मागते आणि आपण 'हो' म्हणतो. ते नंबर आपल्या विश्वासावर दिलेले असतात, अॅपच्या नव्हे. आणि मंडळाची सभासद-यादी कुणी 'जरा पाठव ना' म्हणून मागितली, तर तिथे दुभाषे आपणच असतो. व्हाइट पेजेसमधल्या त्या अनोळखी कुलकर्ण्यांनी मला दिवाळीला घरी बोलावले, कारण आपले नाव त्या पुस्तकात असावे हे त्यांनी स्वतः ठरवले होते. यादी पाठवण्यापूर्वी, तिच्यातल्या प्रत्येकाने तसे ठरवले आहे का, एवढे विचारायला हवे.