अ‍ॅनाबर्ग : एका साखरमळ्याचे अवशेष

कॅरिबियन समुद्रात सेंट जॉन नावाचे एक लहानसे डोंगराळ बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरील एका टेकडीवर अ‍ॅनाबर्ग या साखरमळ्याचे अवशेष उभे आहेत. हे बेट आज अमेरिकेकडे असले, तरी मळा डॅनिश अमलातला. डेन्मार्कने १७१८ मध्ये येथे वसाहत केली आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उसाची लागवड सुरू झाली. पाठ्यपुस्तकात हा इतिहास दोन-तीन ओळींत आटोपतो. पडक्या भिंतींतून तो किती वाचता येतो, ते आपण पाहू.

प्रथम नजरेत भरतो तो पवनचक्कीचा निमुळता दगडी बुरूज. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत कधीतरी तो बांधला गेला. त्याची शिडे आणि आतला चरक आता नाही. शेजारी एक गोल चौथरा आहे. वारा पडला की तेथे जनावरे जुंपून चरक फिरवीत. चौथऱ्याच्या खालच्या अंगाला रस उकळण्याची इमारत आहे.

आता प्रश्न असा, की कारखाना थेट मळ्यातच का? सगळ्या बेटाचा ऊस बंदरावरच्या एका मोठ्या कारखान्यात का नेला नाही? उत्तर रसायनशास्त्रात आहे. ऊस तोडला की त्यातील सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊ लागते, आणि या शर्करांचे स्फटिक सहजी बनत नाहीत. काढलेला रस तर उष्ण हवेत एका दिवसात आंबतो. म्हणून चरक शेताजवळ हवा आणि भट्टी चरकाजवळ. चरक वर आणि भट्टी खाली ठेवल्याने रस उतारावरून आपोआप वाहत येई.

भट्टीच्या इमारतीत एका ओळीत पाच कढया बसवण्याची सोय होती. आपल्याकडच्या गुळव्याला ही रचना लगेच उमगेल. जाळ सर्वांत लहान कढईखाली. तेथून तप्त वायू उरलेल्या कढयांखालून धुराड्याकडे जात. रस मोठ्या कढईत घालायचा, चुना टाकून वर आलेली मळी काढायची आणि आटेल तसा तो ओगराळ्याने पुढच्या लहान कढईत ओतायचा. पाक नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूसही बहुधा गुलामच असे. मालकाचा नफा त्याच्या नजरेवर अवलंबून होता. उघड्या कढयांची वाफ मात्र वाया जाई. त्याच वाफेने कमी दाबाखालचे पुढचे भांडे तापवण्याची युक्ती आफ्रिकी वंशाच्या आईचे पुत्र नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४० च्या दशकात अमेरिकेत यशस्वी केली. आपले साखर कारखाने आजही याच तत्त्वावर रस आटवतात.

रस थांबत नाही, म्हणून माणसानेही थांबायचे नाही. गळिताच्या महिन्यांत रात्रंदिवस काम चाले. पेंगुळलेल्या माणसाचा हात चरकात सापडला तर तो तोडण्यासाठी कुऱ्हाड जवळ ठेवलेली असे, अशा नोंदी कॅरिबियनमधील साखरमळ्यांबद्दल आढळतात. येथे रसायनशास्त्राला दोष देण्याचे कारण नाही. रस लवकर नासतो हे निसर्गाने ठरवले. त्याची किंमत कोणी मोजायची, हे मालकांनी.

भिंती जवळून पाहाव्यात. स्थानिक दगडांमध्ये युरोपातून जहाजांच्या भारासाठी आणलेल्या पिवळ्या-तांबड्या विटा आहेत, आणि कोपऱ्यांत व चौकटींत सुरकुतलेल्या मेंदूसारखी नक्षी असलेले प्रवाळ. ताजे प्रवाळ मऊ असल्याने कापता येते. ते समुद्रातून काढणारे, कापणारे आणि शिंपले भाजून चुना करणारे हातही गुलामांचेच. त्यांच्या स्वतःच्या झोपड्या मात्र कुडाच्या व गवताने शाकारलेल्या होत्या. त्यांच्या फारच थोड्या खुणा उरल्या. जे टिकले ते मालकाचे भांडवल. अवशेषांचा पुरावा असा एकतर्फी असतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे असे आम्हाला वाटते.

गुलामांनी हे सारे निमूट सोसले असेही नाही. १७३३ मध्ये त्यांनी उठाव करून बेटाचा बराचसा भाग काही महिने ताब्यात ठेवला. तो मोडायला मार्टिनिकहून फ्रेंच सैन्य आणावे लागले. पुढे १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी रद्द झाली, आणि अ‍ॅनाबर्गवरून दिसणारे टोर्टोला बेट ब्रिटिशांचे होते. मधे अरुंद सामुद्रधुनी. १८४० मध्ये या परिसरातील काही गुलाम होडीने ती ओलांडून मुक्त झाले. डॅनिश बेटांवर गुलामगिरी संपायला १८४८ उजाडले, तेही सेंट क्रॉय बेटावरील गुलाम रस्त्यावर उतरल्यावर.

त्यानंतर मजूर मळे सोडू लागले, युरोपात बिटाची साखर स्वस्त झाली आणि सेंट जॉनचे मळे एकामागून एक बंद पडले. १९१७ मध्ये डेन्मार्कने ही बेटे अडीच कोटी डॉलरला अमेरिकेला विकली. १९५६ पासून सेंट जॉनचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. उसाच्या जुन्या उतारांवर आता जंगल वाढले आहे. बुरुजाजवळ उभे राहिले, तर पलीकडे टोर्टोला स्पष्ट दिसते.